सदाशिवरावांच्या कुलुपातली सहा वर्षं

माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये जो शेवटचा पहारेकरी उभा असतो, तो मी. यमदूत दाराशी आला तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची ताकद माझ्यात आहे. फक्त त्या वेळी सदाशिवराव जागेवर असले पाहिजेत, आणि किल्ली कुठे ठेवली ते त्यांना आठवलं पाहिजे.

मित्रांनो, मी एक जुना शॉकचा डबा आहे. डॉक्टर लोक मला एईडी म्हणतात. माणसाचं हृदय अचानक ताल सोडून नुसतं थरथरायला लागलं, की त्याला विजेचा एक झटका देऊन ताळ्यावर आणायचं, एवढंच माझं काम. छातीवर चिकटवायच्या दोन पट्ट्या, एक नारिंगी बटण आणि तोंडात इंग्रजी, असा माझा संसार आहे. समोरच्याला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, असं धरूनच मला घडवलं आहे. त्यामुळे मी सगळं सावकाश आणि दोनदा सांगतो. कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मी एकदाही चुकलो नाही. तिथे माझी फार स्तुती झाली. तशी नंतर कुठे झाली नाही.

लखनौला अलीगंजमध्ये स्नेहवर्धिनी मंडळ आहे. केंद्र सरकारातले अधिकारी, रेल्वेतले, हवाई दलातले मराठी लोक तिथे रविवारी जमतात. मला तिथे आणलं डॉक्टर अनघाताईंनी. त्या भूलतज्ज्ञ आहेत आणि शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करतात. दोन वर्षं त्या मंडळाच्या मागे लागल्या होत्या. हृदय बंद पडल्यावर दर मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, हे त्या प्रत्येक सभेत सांगत. आमच्याकडे सगळी यंत्रं आहेत, पण पेशंट पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणत. शेवटी मंडळाने मला घेतलं. नारळ फुटला. माझ्या नारिंगी बटणाला हळदकुंकू लागलं.

टाळ्या थांबल्यावर मंडळाचे सचिव सदाशिवराव उठले आणि म्हणाले, हा चोरीला गेला तर?

सदाशिवराव रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. ज्या वस्तूला बोल्ट नाही ती सकाळपर्यंत राहत नाही, हे त्यांनी चौतीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. वाईट माणूस नव्हे. त्यांनी माझ्यासाठी स्वतः उभं राहून पोलादी पेटी करून घेतली. तिला पुढून रेल्वेच्या खिडकीची जाड काच लावली, तिच्यावर घसघशीत कुलूप. हातोड्यानेही फुटणार नाही, असं ते अभिमानाने सांगत. अनघाताई म्हणाल्या, काका, ती फुटायलाच हवी. सदाशिवराव मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तेव्हापासून मी आत. दर दसऱ्याला पेटीला झेंडूची माळ चढायची, त्यामुळे माझा हिरवा दिवा पौर्णिमेपर्यंत कुणाला दिसायचा नाही. एरवी पेटीच्या कोपऱ्याला छत्र्या आणि मफलर. अनघाताई मात्र वेळच्या वेळी यायच्या, सदाशिवरावांकडून किल्ली मागून घ्यायच्या, मुदत संपलेल्या पट्ट्या बदलायच्या, बॅटरी बघायच्या. एकदा त्यांनी प्रशिक्षण ठेवलं. पासष्ट सभासदांपैकी सात आले. त्यातले चार जेवण किती वाजता आहे ते विचारायला आले होते. उरलेल्यांत सदाशिवरावांच्या पत्नी चंद्रप्रभाकाकू होत्या. त्यांनी रबरी बाहुल्याची छाती अशी दाबली, की अनघाताई म्हणाल्या, काकू, अगदी असंच. काकू म्हणाल्या, पुरणपोळीची कणीक तिंबते मी, हे काय मोठं.

गेल्या जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम होता. दुपारचे बारा वाजले तरी बाहेर धुकं होतं. हॉलमध्ये सगळे कोट, स्वेटर, टोप्या घालून बसले होते. एक पाहुणे निवृत्तीनंतरच्या आरोग्यावर बोलत होते. पहिल्या रांगेत सदाशिवराव मान टाकून घोरत होते. ते पाहुण्यांच्या भाषणात नेहमीच झोपत, म्हणून शेजारच्यांनी कौतुकाने हसून घेतलं आणि त्यांना उठवू नका अशी खूणही केली.

मी समोरच्या भिंतीवर होतो. मला कळलं, की ते घोरणं नाही. हृदय थांबलेला माणूस पहिली काही मिनिटं अधूनमधून घशातून असे आचके देतो, आणि भोवतालच्या लोकांना वाटतं, श्वास चालू आहे. मी सगळं जाणत होतो आणि काचेआड हिरवा दिवा लुकलुकवत होतो. मला उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

ओळखलं ते स्वरदाने. ही अनघाताईंची मुलगी, कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. तिळगुळाचं ताट घेऊन आली, सदाशिवरावांना हलवलं, आणि शांतपणे म्हणाली, "काका सो नहीं रहे हैं."

मग एकच धावपळ झाली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. कुणीतरी एकशे आठला फोन लावला. स्वरदाने आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. अनघाताई ड्यूटीवर होत्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. खाली जमिनीवर झोपवा, स्वेटर काढत बसू नका, छातीच्या मधोमध दाबायला लागा, दोन इंच खोल, मिनिटाला शंभराच्या वर. तोंडाने श्वास देण्याची गरज नाही, नुसतं दाबा. आणि डबा आणा.

चंद्रप्रभाकाकू गर्दीतून पुढे आल्या. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, खुर्चीवरून उठताना त्या दोनदा देवाचं नाव घेतात. त्या दिवशी एकदाही न घेता जमिनीवर बसल्या आणि दाबायला लागल्या.

डब्याची किल्ली मात्र कुणाकडे नव्हती. ती बहुतेक घरी देव्हाऱ्याखालच्या खणात असेल, असं काकूंनी दाबता दाबता सांगितलं. सदाशिवरावांचं घर जानकीपुरमला. हवाई दलातून निवृत्त झालेले इंद्रजित कामगिरी मिळाली की प्रश्न विचारत नाहीत. ते स्कूटरवर बसून धुक्यात निघूनही गेले.

एक मिनिट गेलं.

चौकीदार राजेश काठी घेऊन आला. त्याने काचेवर चार दणके दिले. मग वीट आणली. विटेचे दोन तुकडे झाले. "काकी जी, शीशा नहीं टूट रहा," तो रडवेला होऊन म्हणाला. सदाशिवरावांनी काच उत्तम निवडली होती, यात शंका नाही. त्याच काचेआडून मी त्यांना जमिनीवर पडलेलं बघत होतो.

दोन मिनिटं गेली.

काकू दाबत होत्या आणि प्रत्येक दाबाबरोबर दातांतल्या दातांत बोलत होत्या. "जायचं नाही हं आत्ता. आधी किल्ली कुठे ठेवलीत ते सांगा. मग बघू." त्यांच्या तळव्याला स्वेटरखालून काहीतरी टोचत होतं. त्यांना वाटलं, बटण असेल. अशा वेळी बटणाचा विचार कोण करतं.

काकू दमल्या, तशी स्वरदा दाबायला बसली. तिकडून अनघाताईंनी सांगितलं, की किल्ली मिळाली की छाती उघडीच लागेल, कपडे आत्ताच कापून ठेवा. उद्घाटनाची फीत कापायची कात्री होती. राजेशने कोट, दोन स्वेटर, शर्ट आणि आतला गरम बनियन उभा कापला.

आत जानवं होतं. जानव्याला माझी किल्ली बांधलेली होती.

घरी नवी कामवाली आली होती, म्हणून सदाशिवरावांनी किल्ली खणातून काढून सकाळीच अंगावर घेतली होती. काकू इतका वेळ तीच दाबत होत्या. सदाशिवरावांच्या छातीवर लाल वळ उठला होता, काकूंच्या तळव्यावर किल्लीच्या दात्यांचा ठसा.

गाठ सुटेना. जानवं कापायचं कसं, म्हणून राजेशचा हात थांबला. दोघा-तिघा सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी कात्री हिसकावली आणि कचकन कापलं.

मित्रांनो, सहा वर्षांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी म्हणालो, शांत राहा. कुणीच शांत नव्हतं. पट्ट्या कुठे लावायच्या ते मी सांगितलं, स्वरदाने हिंदीत सांगितलं, काकूंनी मराठीत सांगितलं. मी हृदय वाचलं. ते थरथरत होतं, म्हणजे अजून माझ्या हाती होतं. सगळे दूर व्हा म्हणालो. स्वरदाने नारिंगी बटण दाबलं. सदाशिवराव एकदा उचलल्यासारखे हलले. पुन्हा दाबायला लागा, मी म्हणालो. काकू पुन्हा बसल्या. दीड मिनिटाने सदाशिवरावांनी बेशुद्धीतच हात उचलून काकूंचा हात बाजूला ढकलला. काकू म्हणाल्या, "हेच ते. हेच आहेत."

एवढ्यात इंद्रजितांचा फोन आला. खण रिकामा आहे, फ्रिजवर बघू का, असं ते विचारत होते.

पुढचं मला स्वरदाकडून कळलं. एकशे आठच्या गाडीने त्यांना अनघाताईंच्या रुग्णालयात नेलं तेव्हा नाडी परत आली होती, शुद्ध नव्हती. तीन दिवस सदाशिवराव श्वासाच्या यंत्रावर होते. जागे होतील का, आणि झाले तर माणसं ओळखतील का, याची हमी अनघाताईंनी दिली नाही. पूर्वी अशा पेशंटला मुद्दाम गार करून ठेवत. अलीकडच्या मोठ्या संशोधनांत दिसलं, की एवढं गार केल्याने जास्त फायदा होत नाही, ताप तेवढा चढू द्यायचा नाही. म्हणून काकू दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येक नर्सला ताप किती ते विचारत. चौथ्या दिवशी सदाशिवरावांनी डोळे उघडले. नळी काढल्यावर त्यांनी विचारलं, की कार्यक्रमाचं इतिवृत्त कुणी लिहिलं. काकू तेव्हा रडल्या.

आता तुम्हाला वाटेल, माझे दिवस पालटले. माझ्या पट्ट्या बदलल्या, मला पेटीत ठेवलं आणि कुलूप परत लावलं. कारण नियम तसा होता.

महिन्याभराने बैठक झाली. सदाशिवराव बरगड्यांवर हात धरून अध्यक्षांशेजारी बसले होते. किल्लीच्या तीन प्रती काढाव्यात, असं ठरत आलं. तीन पदाधिकाऱ्यांकडे एकेक द्यावी, आणि वही ठेवावी. एक गृहस्थ तर म्हणाले, की किल्ली अंगावर बाळगण्याची पद्धत योग्यच ठरली, कारण ती शेवटी अंगावरच सापडली. मी काचेतून ऐकत होतो. मी संतापाने उकळलो असतो, पण माझ्यात उकळण्याची सोय नाही.

चंद्रप्रभाकाकू बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी उठल्या आणि कुलूप काढा म्हणाल्या.

"आणि नेला कुणी तर?" सदाशिवराव म्हणाले.

"तर दुसरा आणू," काकू म्हणाल्या. "तुम्ही गेला असता तर दुसरे कुठून आणणार होते मी?"

मग सदाशिवराव हळूहळू उठले, माझ्यापर्यंत आले, कुलूप काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. ठरावाची वाट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, सोसायटीत, स्टेशनवर माझ्यासारखा एखादा भाऊ भिंतीवर असेल. तो कुठे आहे ते आजच बघून ठेवा. छाती कशी दाबायची ते शिकून घ्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, कणीक तिंबता आली तरी पुष्कळ झालं. त्या भावाची पूजा करू नका, त्याच्या पट्ट्यांची मुदत बघा. आणि त्याला कुलूप घालू नका.

पेटीचं दार तेवढं नुसतं ओढून घेत जा. इकडे डास फार आहेत.