जोसी परत आली

"जोसीला कुणाला मारायचं नव्हतं," वर्ना टिडवेल म्हणाली. "घंटा वाजली की ती हातपाय झाडते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत," मुख्याध्यापक हॅस्केल म्हणाले. "पण आमची शाळा लहान. तिला सांभाळेल असं माणूस नाही आमच्याकडे. सोमवारपासून नका पाठवू."

"असं मध्येच काढता येतं?"

"खाजगी शाळा आहे, मिसेस टिडवेल. व्हाउचर घेताना हे तुम्ही मान्य केलं होतंत."

केलं होतं खरं. जॉर्जियातल्या त्या गावच्या सरकारी शाळेत वर्ना मुलांना जेवण वाढायची. तिथंच, दोन भिंतींपलीकडे, तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला, जोसीला, आरडाओरडा केला की एका खोलीत एकटीला बंद करत. ते कळलं त्याच आठवड्यात तिनं व्हाउचर मिळवलं. जोसीसारख्या विशेष गरजा असलेल्या मुलांची खाजगी शाळेची फी त्यातून राज्य सरकार भरतं. "माझी पोर या इमारतीत पुन्हा पाय ठेवणार नाही," असं तिनं सगळ्या स्वयंपाकघरासमोर सुनावलं होतं.

आता त्याच इमारतीत ती जोसीच्या जुन्या बाई, मिस ओडम, यांच्यापुढे उभी राहिली.

"घेऊ की परत, घ्यावंच लागतं," बाई म्हणाल्या. "पण जोसीसाठी ठरवलेलं सगळं तू तिला इथून काढलंस तेव्हाच रद्द झालं. तपासण्या पहिल्यापासून. मदतनीस होती तीही गेली, मुलं कमी झाली म्हणून."

"आणि ती खोली?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "आहे."

"बंद करायची वेळ आली तर आधी मला बोलवा. हातातलं टाकून येईन. नोकरी गेली तरी चालेल."

"बोलवीन," बाई म्हणाल्या. "मी वर्गात असले तर."

त्याहून जास्त कुणीच देणार नव्हतं. वर्नानं तेवढंच घेतलं.

सोमवारी जेवणाच्या रांगेत जोसी आली. वर्नानं तिच्या ताटात मका आणि कोंबडी वाढली. रांगेतली दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली. जोसी टोकाच्या बाकावर बसली, पण काटा उचलेना. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि त्या खाजगी शाळेत शिकवलेली जेवणाआधीची प्रार्थना मोठ्यानं, एकही शब्द न चुकता म्हटली. एवढं सलग ती घरी कधी बोलली नव्हती.

"आमेन" म्हणून ती थांबली. बाकीच्यांनी म्हणायची वाट बघत.

पळी हातात धरून वर्ना हळूच म्हणाली, "आमेन."