पाळकसाहेबांची अक्कलदाढ

भूमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक युवराज पुण्याहून शिबिर करून आले, ते पेनड्राइव्ह घेऊनच. त्यात डोळ्याची, हृदयाची, पेशींची चित्रं होती. शेवटच्या चित्रावर ठसठशीत अक्षरं: 'देव आहे, विज्ञानानं सिद्ध केलं!' येत्या रविवारी चर्चमध्ये गावासमोर यावर बोलायचं त्यांनी ठरवलं. त्याच अक्षरांचा फ्लेक्सही लावून टाकला.

त्यांची बायको दीपमाला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. चित्रं बघून ती म्हणाली, "अहो, देवानं घडवलं म्हणा की. मीपण तेच मानते. पण विज्ञानानं सिद्ध केलं म्हणू नका. तसं काही झालेलं न्हाय."

"एकच की ते."

"एकच कसं?"

"तू माझी बायको हायस का विरोधी पक्ष?" युवराज हसले आणि आरशासमोर पाठांतराला लागले. "मानवी शरीरात एकही गोष्ट चुकीच्या जागी नाही..."

गुरुवारी त्यांचा गाल टम्म सुजला. पाणीसुद्धा गिळेना. दीपमालानं रजा टाकली आणि त्यांना एसटीनं धाराशिवला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. अक्कलदाढ जबड्यात आडवी झोपली होती.

"लई जणांचं असंच असतंय," डॉक्टर म्हणाले. "जबडा लहान, दाढेला जागाच न्हाय."

युवराजनी बायकोकडं पाहिलं. ती मुद्दाम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

दाढ काढून परत निघाले तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता आणि बोलायला बंदी. लग्नानंतर पहिल्यांदाच दीपमालाला सलग बोलायला मिळालं.

"हसणार न्हाय मी," ती म्हणाली. "पण एक सांगायचं राहूनच गेलंय. बारावीत असताना असलंच एक भाषण ऐकलं होतं. लई पटलं. पुढं कॉलेजात सरांनी त्यातला एकेक मुद्दा खोडून दाखवला. पुरावा गेला, त्याच्याबरोबर माझा देवही गेला. किती दिवस चर्चची पायरी चढले न्हाय."

युवराजना हे ठाऊकच नव्हतं. मग पुढं काय, असं त्यांनी भुवयांनीच विचारलं.

"मग मला कावीळ झाली. तुमच्या आई दवाखान्यात आजाऱ्यांना बघायला रोज यायच्या. तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. उपदेश न्हाय, काही न्हाय. केस विंचरायच्या, पेज भरवायच्या. एक दिवस मीच म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना करा."

युवराजनी तिचा हात धरला, तो भूमचा स्टँड येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी चर्च भरलं. सुजल्या तोंडानं युवराज उभे राहिले. "फ्लेक्सवरचा 'सिद्ध' हा शब्द मी मागं घेतो," ते म्हणाले. "विज्ञानानं तसं काही सिद्ध केलेलं नाही. मी देवाला मानतो. का मानतो, तेवढं सांगतो." आणि बोबड्या आवाजात ते आपल्या आईबद्दल बोलले. दीपमालाचं नाव कुठंच घेतलं नाही.

शेजारचे किराणा दुकानदार महालिंगप्पा मागच्या बाकावरून उठले. "म्हंजे पुरावा न्हायच? आन् आमी दुकान बंद करून आलो!"

चर्चमध्ये हशा पिकला. युवराजही हसायला गेले आणि गाल धरून कळवळले. "न्हाय मामा," ते म्हणाले, "पण चहा हाय."

घरी दीपमालानं मऊसूत शिरा केला. दोन घास पोटात गेल्यावर युवराज हळूच म्हणाले, "डोळ्याचं चित्र मात्र मला अजून पटतंय बघ."

"पटू द्या की," तिनं पुढचा चमचा भरला. "आ करा."