कोपर ते बोटाचं टोक

माझ्या बायकोचा पहिला नवरा सुतार होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरातला जिना त्याने बांधलेला आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण त्यावर हात फिरवून ‘वा, काय काम आहे’ म्हणतो. लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतोय. जिना चढताना मी कठड्याला हात लावत नाही. पोरकटपणा आहे, माहीत आहे. पण अंगाचा तिळपापड होतो, त्याला मी काय करू?

माझा धंदा कुजलेली घरं बरी करण्याचा. लाकडाला कोरडी कुज लागते ती एका बुरशीने. नाव कोरडी, पण जन्म ओलीतला. एकदा रुजली की तिचे पांढरे धागे विटांच्या सांध्यांतून भिंत ओलांडून पलीकडचं लाकूड गाठतात. म्हणून आधी पाणी बंद करायचं, मग गिलावा खरवडून, विटांना भोकं पाडून औषध मुरवायचं. लाकूड कापताना मात्र कुजलेल्यापाशी थांबायचं नाही. शेवटच्या खुणेपुढे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत चांगलं लाकूडही काढून टाकायचं. माझ्या उस्तादाचं हे माप. ते मी कुणासाठी कमी केलं नाही की वाढवलं नाही.

यंदा कुज निघाली आमच्याच घरात. भिंतीतली नळी झिरपत होती. ती बंद करून मी आणि माझा जोडीदार गवंडी, आम्ही बैठकीच्या खोलीतल्या फळ्या उचलल्या. खालची तुळई तपकिरी पडली होती, तिचे चौकोनी तुकडे हातात येत होते. मी टोच्या खुपसत पुढे सरकलो. कुज जिन्याच्या दिशेने चालली होती आणि, खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

चांगल्या लाकडाला टोच्या अडला तो जिन्याच्या खांबाच्या अलीकडेच. मी तिथे खूण केली, गुडघ्यांवर बसलो, हात लांब केला आणि खडूची रेघ ओढली. रेघ बरोबर खांबावरून गेली. गवंड्याला म्हटलं, जिना काढावा लागणार. त्याने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा घेऊन येतो म्हणून बाहेर सटकला.

बायको आली. मी डॉक्टरासारखा चेहरा करून तिला सगळं सांगितलं. नवा लोखंडी जिना बसवू, म्हणजे कायमची कटकट मिटेल, असंही जोडलं. ती खालच्या पायरीवर बसली. कुज कुठे संपते तेवढं तिने विचारलं. मी दाखवलं.

“लोकांच्या घरी कोपरापासून मोजता,” ती म्हणाली. “आपल्या घरी खांद्यापासून?”

मी तोंडघशी पडलो. मग, अर्थातच, चिडलो.

“त्याचा जिना एवढा लाडका असेल तर सरळ सांग ना.”

“माळ्याची तुळई बघायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी एकटी होते. काहीही सांगितलं असतंत तरी मानलं असतं. तुम्ही टोच्या मारून बघितलंत, चांगली आहे म्हणालात आणि निघून गेलात. मी लग्न त्या माणसाशी केलंय.” ती उठली. “जिना कापायचा तर कापा. पण माप खरं असू दे.”

ती आत गेल्यावर मी रेघ पुसली आणि कोपर खुणेवर टेकवलं. बोट खांबाच्या चार बोटं अलीकडे थांबलं. पुन्हा मोजलं, अजून थोडी आशा होती. तेवढंच भरलं. गवंडी परत आला तो नवी रेघ बघून ड्रिल मशीन घेऊन भिंतीकडे वळला.

संध्याकाळपर्यंत तुळई कापून झाली, भिंत औषध पिऊन गप्प झाली. दिवसभर ओणवं राहून माझे गुडघे पार आखडले होते. वर जायला निघालो आणि दुसऱ्याच पायरीवर कठडा धरावा लागला. धरला तो वरपर्यंत सोडला नाही. तळहाताला कुठे कुसळ लागलं नाही, कुठे सांधा जाणवला नाही.

लेकाच्याने काम खरंच चोख केलं होतं.