लस टोचलेली मांजर आणि वाळूचा ट्रे

"आजपासून मानवजातीच्या इतिहासाचे दोन भाग पडतील!" संचालकसाहेब माइकसमोर गरजले. "पहिला भाग टॉक्सोप्लाझ्माच्या गुलामगिरीचा. आणि दुसरा..."

इथे माइक बंद पडला. त्यामुळे पहिला भाग सभागृहातल्या सगळ्यांनी ऐकला आणि दुसऱ्याबद्दल जग आजही अंधारात आहे.

टॉक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. तो मांजराच्या आतड्यात संसार थाटतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, अर्धकच्च्या मांसातून इतरांच्या पोटात शिरतो. धडधाकट माणसाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही; पण गरोदर बाईला त्याची लागण पहिल्यांदाच झाली, तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर नाहीतर मेंदूवर बेतू शकतं. मेंढ्यांचे गर्भ पडू नयेत म्हणून काही देशांत मेंढ्यांना लस मिळते. माणसांना अजून नाही. मेंढीला लोकर असते, हा त्यातला फरक असावा.

या रोगाची आणखी एक गंमत आहे. तो उंदराला झाला, की उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते. साहेबांच्या संशोधन संस्थेत साहेबांची भीती मात्र सगळ्यांना वाटत असे, तेव्हा तिथली माणसं निरोगी होती असं म्हणायला हरकत नाही.

साहेबांनी रोगाच्या मुळावरच घाव घालायचं ठरवलं होतं. मांजरालाच लस टोचायची. विष्ठेतून परजीवी बाहेर पडलाच नाही, की पुढचं सगळं रामायण टळलं. निकालही दृष्ट लागण्यासारखा आला. सगळ्या मांजरांना रोगाचे जंतू खाऊ घातले, तेव्हा न टोचलेल्यांच्या विष्ठेत परजीवींची जत्रा भरली आणि टोचलेल्यांच्या विष्ठेत चिटपाखरू नाही.

दोन थपडा खाऊन माइक शुद्धीवर आला.

"घरच्या मांजरीलाही मी हीच लस टोचली आहे," साहेब म्हणाले. "तिचा वाळूचा ट्रे रोज कोण साफ करतं? माझी सून! पाचवा महिना चालू आहे तिचा! उद्या पत्रकारांनी घरी यावं. हातमोजे न घालता ती तो ट्रे साफ करून दाखवेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूनबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती जनावरांची डॉक्टर, म्हणून घरातल्या मांजरीचा ट्रे आपोआप तिच्याकडे आला होता. उद्याचा कार्यक्रम तिलाही आत्ताच कळत होता.

संध्याकाळी घरी चहाचे कप यायच्या आत तिने तोंड उघडलं.

"बाबा, मला विचारलंत?"

"अगं, विज्ञानाला विचारलं."

"विज्ञानाला पाचवा महिना नाही लागलेला. माझं रक्त तपासलंय. मला हा रोग कधी झालेलाच नाही. म्हणजे आता झाला, तर थेट बाळापर्यंत जाऊ शकतो."

"होईलच कसा? लस शंभर टक्के यशस्वी आहे."

"टोचलेली मांजरं कुठून आणली होती?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "मांजरांसारखी मांजरं होती."

"मी सांगते ना!" सासूबाई कप घेऊन आल्या. "संस्थेत वाढवलेली पिल्लं होती ना, कापसासारखी, त्यांना सुई टोचलेली मला बघवली नसती. मी यांना म्हटलं, टोचायचंच तर कॅन्टीनमागच्या त्या दांडगोबा बोक्यांना टोचा. ऐकलं हो यांनी. जन्मात एकदाच."

"आणि पिल्लांना?"

"त्यांना सुई लावलीच नाही," साहेब म्हणाले. "नुसते जंतू खाऊ घातले. बशीतून."

सूनबाईने कप खाली ठेवला. "बाबा, कॅन्टीनमागची मांजरं जन्मभर उंदरांवर जगलीत. त्यांना हा रोग केव्हाच होऊन गेला असणार. एकदा होऊन गेला, की मांजर सहसा पुन्हा परजीवी सोडत नाही. तुम्ही त्यांना लस टोचली काय आणि गुलाबपाणी टोचलं काय, निकाल हाच आला असता. टोचायच्या आधी त्यांचं रक्त काढलं होतं?"

"रक्त निघालं होतं," साहेब मनगटावरचे ओरखडे चोळत म्हणाले. "पण आमचं."

तेवढ्यात घरची मांजर आत आली. ही त्याच कापसासारख्या पिल्लांपैकी एक. चाचणीतून वगळून साहेबांनी लाडाने घरी आणलेली. तिच्या तोंडात उंदीर होता, आयुष्यातला पहिला. तिने तो साहेबांच्या चपलेवर ठेवला. उंदीर जिवंत होता. पळून जायची त्याला मुळीच घाई दिसत नव्हती. त्याने चपलेवर बसून निवांत मिशा साफ केल्या.

साहेबांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले.

"लस नक्की लागू पडते की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही," सूनबाई म्हणाली. "आणि आता हिने हा उंदीर खाल्ला, की कळेल. माझ्या जिवावर."

"एवढी मोठी संस्था," साहेब पुटपुटले, "एकानेही मला सांगू नये?"

"कोण सांगणार? तुमच्याकडचे सगळे उंदीर निरोगी आहेत."

सासूबाईंना चहाचा ठसका लागला. साहेबांनी उपरण्यासारखा रुमाल कपाळावरून फिरवला. "चाचणी पहिल्यापासून करावी लागेल. पत्रकारांना कळवतो, उद्या येऊ नका. पण मानवजातीला काय सांगू मी?"

"थांबायला सांगा. मानवजात इतकी वर्षं थांबलीच आहे. बाळ नाही थांबणार."

ती उठली, मोरीतून फावडी, पिशवी आणि हातमोजे घेऊन आली आणि सगळं साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"तेवढा ट्रे आजपासून तुम्ही साफ कराल, बाबा? रोजच्या रोज. आणि नंतर हात धुवा. साबणाने."