पुलाच्या पुस्तकातली होडी

मी एक जुनी होडी आहे. नदीकाठी, पुलाच्या सावलीत पालथी पडून असते. माझ्या नावाड्याने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. शाळकरी मुलं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांना मी पैलतीरी नेलं. मग पूल झाला आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. नावाडी आजोबा मात्र अजूनही संध्याकाळी माझ्या पाठीवर येऊन टेकतात.

मित्रांनो, एकदा त्यांची सातवीतली नात शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन आली. ‘आपला पूल’ असं त्याचं नाव. मोठ्या हौसेने ती वाचू लागली, “सुदैवाने पूल झाला आणि आळशी, आडमुठ्या नावाड्याच्या तावडीतून लोक सुटले.”

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. “आळशी? मी?”

नातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भराभर पानं उलटली. “आजोबा, हे तर पूल बांधणाऱ्या कंपनीनेच छापलंय! लोक सुटले म्हणे. कोणते लोक? कुणालाच विचारलेलं दिसत नाही. ‘सुदैवाने’, ‘आळशी’ ही तर लिहिणाऱ्याची मतं झाली. घडलं काय, ते कुठंय?”

आजोबांना स्फुरण चढलं. “मग तूच लिही! मी कुणाला कधी काठावर ताटकळत ठेवलं नाही, असं लिही.”

तिने लगेच लिहिलं नाही. आधी ती घरोघरी विचारत फिरली. परतली ती मान खाली घालूनच.

“शिंपीणकाकू भेटल्या. पुराच्या दिवशी त्यांना आईला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी खूप हाका मारल्या, पण तुम्ही होडी सोडली नाहीत. त्यांची आई वाचली नाही, आजोबा.”

आजोबांनी नदीकडे बोट दाखवलं.

“त्या पाण्यात होडी घातली असती तर सगळेच बुडालो असतो,” ते म्हणाले. “पण हाका मारल्या होत्या तिने. अजून कानात आहेत. लिही तेही.”

तिने सगळं लिहिलं. शाळेने तिचं लिखाण त्या पुस्तकाच्या शेजारीच ठेवलंय. ते वाचून एके दिवशी शिंपीणकाकू काठावर आल्या आणि आजोबांजवळ बसल्या.

मित्रांनो, माझी डागडुजी नाही केलीत तरी चालेल. पण खरी म्हणून लिहिलेली हकिकत वाचाल, तेव्हा जरा थांबा. कोण बोलतंय आणि कुणाला बोलूच दिलेलं नाही, ते बघा. माझ्याही बाबतीत बघा. शेवटी मी नावाड्याची होडी आहे, आणि मला तो पूल मुळीच आवडत नाही.