मायक्रोटोमवरचा आळ

मी मायक्रोटोम. जंगलातल्या नदीकाठच्या इकितोस शहरात, एका सरकारी इस्पितळात, तळमजल्यावरच्या तपासणीच्या खोलीत बावीस वर्षं उभा आहे. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून माझ्यापुढे आणतात, चाक फिरवतात, आणि मी त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो. काप काचेवर घेऊन रंगवले की डॉक्टर बाईंना दुखणं दिसतं. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करतो. आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर आळ आला होता.

घडलो थंड देशात. लाकडी पेटीतून नदीने इथे आलो. पेटी उघडली या खोलीतले जुने तंत्रज्ञ, उस्ताद वेन्सेस्लाओंनी. त्यांचा हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? डोकं मात्र फार पूर्वीच थांबलं होतं, आणि वय झालं म्हणून त्यांना कुणी बोलत नव्हतं.

तुकडा मेणात घालण्याआधी त्यातलं पाणी पुरतं काढावं लागतं. त्यासाठी तो अल्कोहोलच्या बरण्यांतून फिरवतात. इथल्या हवेत डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे उघडं अल्कोहोल पाणी ओढणारच. उस्ताद बरण्या उघड्या ठेवायचे. वर जुनं अल्कोहोल कधी फेकायचे नाहीत, त्यातच नवं ओतायचे. त्यांची आई कसाव्याच्या कंदाची मासातो दारू आंबवताना कालची थोडी राखून आजचीत मिसळायची. "जुनं नव्याला शिकवतं," असं ते म्हणायचे. दारूचं ठीक आहे हो. इथे जुनं नव्याला नासवत होतं.

एकदा ओर्फेलिंदा मावशींच्या मानेतली गाठ आली. मावशी मालवाहू बोटीवर स्वयंपाक करतात. क्षय निघाला तर गोळ्या. कर्करोग निघाला तर बोटीवरची नोकरी सोडून उपचारासाठी राजधानीला, लिमाला जायचं, आणि परत येण्याची खात्री नाही. गाठ सबंध काढलेली, म्हणजे दुसरा तुकडा मिळणार नव्हता. मावशी बाहेरच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

उस्तादांनी चाक फिरवलं. काप कसला, ओल्या पावासारखा चुरा पडला. पुन्हा फिरवलं, पुन्हा चुरा. अर्धी गाठ अशी वाया गेली.

"यंत्र गेलं कामातून," उस्ताद म्हणाले आणि मला भंगारात काढायचा अर्ज तिथेच लिहून टाकला.

निल्दा तामानी तिथेच उभी होती. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून कामाला लागलेली पोरगी. तिने ठोकळ्यावर बोट दाबलं. गाठीच्या जागी खड्डा पडला.

"उस्ताद, यात पाणी राहिलंय."

"कॉलेज अर्धं सोडलंस ना, पोरी? मग अर्धंच बोल."

"बरं, अर्धंच बोलते. पाणी!"

तिने मोरचूद आणलं, कॉफीच्या भांड्यात भाजलं. निळे खडे पांढरी भुकटी झाले. मग डॉक्टर बाईंनाच बोलावून आणलं. "अल्कोहोल शुद्ध असेल तर ही पांढरीच राहते. पाणी लागलं की निळी." सीलबंद बाटलीतल्या अल्कोहोलात चिमूट टाकली, पांढरीच राहिली. उस्तादांच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात शुद्ध असायला हव्या त्या बरणीतलं थोडं घेऊन त्यात टाकली. बघता बघता निळीशार.

"वेन्सेस्लाओ," बाई म्हणाल्या, "पेशंटच्या तुकड्यांना मासातो पाजत होता की काय?"

"हवाच दमट आहे, बाई."

"हवा तुमच्या जन्माआधीपासून दमट आहे, उस्ताद," निल्दा म्हणाली. "झाकण होतं ना!"

उरलेली अर्धी गाठ तिने मेण वितळवून सोडवली, मेण विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये धुतली आणि ताज्या अल्कोहोलात टाकली. पुन्हा झायलीन, पुन्हा मेण. दुसऱ्या दिवशी दुपारी सरबतवाल्याकडच्या बर्फावर ठोकळा गार केला आणि माझ्यात बसवला. तिने चाकाची मूठ धरली.

"चल रे, म्हाताऱ्या," ती पुटपुटली. "मावशीची आण आहे तुला."

आणि मी चाललो! कापाला काप जोडून अखंड फीत निघाली. कोमट पाण्यावर एक सुरकुती न पडता पसरली. निल्दाने रंग दिला. पेशींची केंद्रं जांभळी, बाकी सगळं गुलाबी, कुठे डाग नाही. दुसरा काप वेगळ्या रंगांत बुडवला, त्यात निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं. "क्षयाचे जंतू!"

निल्दा पळतच बाकाकडे गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"म्हणजे लिमा नाही?"

"नाही, मावशी. सहा महिने गोळ्या."

"अगं, मग हे वाटेसाठी पानात बांधलेले भाताचे हुआने आता कुणी खायचे? घे, तूच खा!"

उस्तादांनी दोन खाल्ले. चुकलो म्हणाले नाहीत. "मीच शिकवलं तिला," असं इस्पितळभर सांगत सुटले. सांगोत बापडे. माझ्या भंगाराच्या अर्जाने निल्दाने माझ्याच चाकावरचं तेल पुसलं.

मावशी आता बोटीवर परत गेल्या आहेत. बरण्यांना झाकणं आली, झाकणांवर तारखा आल्या. मी आहे तिथेच आहे, धारेसकट. तुमच्याकडे कुणी यंत्राला बोल लावत असेल, तर आधी बरणीचं झाकण उघडून बघा. जमलं तर दोन थेंब तेल द्या. आज अकरा ठोकळे थांबलेत, आणि प्रत्येकामागे बाकावर कुणीतरी बसलेलं आहे.