गार लागणारी वाळू

लोखंडी कढई, खाली बाभळीचा जाळ.

चिंचेखाली काढलेल्या चपलांचा ढीग.

खराट्याची एक काडी.

बायनाबाईंच्या टाचेत मोडलेला काटा. आठ दिवस झाले. त्यांना पत्ता नाही.

गंगाखेडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी, गुरुवारची गर्दी. सटवाजी महाराज परातीत तापलेली वाळू ओतत होते.

"शुगरवाल्यांनो, तुंबलेलं रगत धावतं की न्हाई बघा! पाप्याला चटका, भक्ताला गारवा!"

आधी धडधाकट बजरंग अनवाणी परातीत चढला. बोंबलत खाली उडाला.

"लय पाप हाय गड्या तुझं!" महाराज म्हणाले. लोक खदखदले.

मग बायनाबाई. पंधरा वर्षांची शुगर. महाराजांनी शंभर आकडे मोजले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कसं वाटायलंय, माय?"

"गार लागायलंय, महाराज."

एकच जयजयकार.

घरी पाय लालबुंद. मुलगा आदिनाथ हरखला, "माय, रगत आलं बघ पायाला!"

दुसऱ्या दिवशी फोड. महाराजांचा निरोप आला, "घाण बाहेर पडायलीय."

पाचव्या दिवशी जखमेचा घरभर वास. आरोग्य उपकेंद्रातल्या शुभदा सिस्टर आल्या. खराट्याची काडी मोडून घेतली.

"मावशी, डोळे मिटा. काडी लागली की सांगा."

बायनाबाईंनी डोळे मिटले.

"कर की गं सुरू," बायनाबाई म्हणाल्या.

सिस्टरनी तोवर सात ठिकाणी टोचलं होतं. मग चिमट्यानं काटा उपसला. बायनाबाई डोळे मिटूनच बसलेल्या. आदिनाथनं तोंड फिरवलं.

परभणीला नेलं. काट्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

पुढच्या गुरुवारी आदिनाथ तीच काडी घेऊन चिंचेखाली उभा राहिला. रांगेतल्या नऊ जणांना डोळे मिटायला लावले. सहा जणांना काडी कळलीच नाही.

"देवाची परीक्षा घेतो का रे?" महाराज कडाडले.

"देवाची न्हाई, पायाची. ह्या सहा जणांना तुमी भक्त म्हणणार होता. माझ्या मायला म्हणलं तसं."

महाराजांनी रागानं तापलेली परात उचलली. हात भाजला. ते ओरडले. कुणी हसलं नाही.

वाळूत चमत्कार काही नव्हता. वर्षानुवर्षांच्या साखरेनं पायाची जाणीव मेलेली असते, म्हणून चटका कळत नाही; कातडी मात्र भाजतेच. रक्त धावायला हवं तर तंबाखू सोडा, गोळ्या चुकवू नका, पाय धड असेल तर चप्पल घालून रोज चाला. शेक घेऊ नका. रोज तळवा बघा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा.

काटा मोडला त्या दिवशी बायनाबाई शेतातून दीड कोस चालत घरी आल्या होत्या.